खंदकातून आलेले नाताळचे पत्र : वाचकांचे प्रश्न

पहिल्या महायुद्धातील १९१४ च्या नाताळाविषयी गेल्या अंकात लेख प्रसिद्ध झाल्यानंतर जी पत्रे आली, त्यांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : आघाडीवरच्या कोवळ्या वयाच्या सैनिकाने सणाच्या दिवसांत घरी लिहिलेले पत्र. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून सदराच्या प्रथेप्रमाणे प्रश्नकर्त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. अशी काही पत्रे मी मुळातून वाचली. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा डिसेंबरच्या चिखलात उभा आहे, आजूबाजूला माणसे मरत आहेत, आणि तो आईला लिहितो काय, तर मोजे मिळाले, केक छान होता, थंडी बरीच आहे, काळजी करू नकोस. वाचून मला फसवल्यासारखे वाटले. इतिहासाचे साधन म्हणून अशा पत्रांवर कितपत विसंबावे?

उत्तर : आपल्या प्रश्नात आलेल्या मोज्यांपासूनच सुरुवात करतो, कारण या पत्रांतली सर्वांत बोलकी वस्तू तीच आहे. १९१४ च्या डिसेंबरात फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सच्या सीमेवरील पट्ट्यात, पाऊस थांबायला तयार नव्हता. त्या सखल प्रदेशात जमिनीखालचे पाणी इतके वर असते की थोडे खणले तरी खड्डा भरू लागतो, आणि ब्रिटिश सैन्याचे खंदक नेमके अशाच जमिनीत होते. गुडघाभर, प्रसंगी कमरेएवढ्या गार पाण्यात तासन्‌तास उभे राहिल्यामुळे पाय बधिर होत, सुजत, काळेनिळे पडत आणि वेळीच लक्ष दिले नाही तर सडू लागत. मग बोटे किंवा पाऊलच कापून टाकावे लागे. या विकाराला ‘ट्रेंच फूट’ असे नाव पडले. त्या पहिल्याच हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यातील सुमारे २०,००० सैनिक त्याने आजारी पडले. पाय कोरडे ठेवणे, त्यांना व्हेल माशाचे तेल चोळणे आणि मोजे वारंवार बदलणे एवढाच त्यावर इलाज होता आणि पुढे तो हुकूम म्हणून अमलात आणला गेला. हे लक्षात घेऊन ‘मोजे मिळाले, आणखी दोन जोड पाठव’ हे वाक्य पुन्हा वाचून पाहावे. त्या मुलाने युद्ध लपवलेले नाही. युद्धाचा जो भाग आई स्वतःच्या हातांनी थोडा हलका करू शकत होती, तेवढाच त्याने तिच्यापुढे ठेवला आहे.

अर्थात, बाकीचे तो का लिहीत नव्हता, याला सक्तीचे कारणही होते. साध्या सैनिकाचे पत्र पाकीट न चिकटवता त्याच्याच पलटणीतील अधिकाऱ्याकडे द्यावे लागे. गावाचे नाव, तुकडीचे ठिकाण, संख्या, हालचालींचे बेत, शत्रूच्या माऱ्याने झालेले नुकसान, वरिष्ठांवर टीका, यांपैकी काही आढळले तर तो अधिकारी ते खोडून टाकी किंवा कापून काढी आणि मग पाकिटावर स्वतःची सही करी. ‘फ्रान्समध्ये कुठेतरी’ हा त्या काळच्या पत्रांवर दिसणारा पत्ता याच नियमातून आला. येथे एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. पत्र वाचणारा हा अधिकारी दूर कचेरीत बसलेला अनोळखी कारकून नव्हता. ज्याच्या हाताखाली रोज उठायचे-बसायचे, तोच लेफ्टनंट दिवसभराच्या श्रमानंतर मेणबत्तीच्या उजेडात ती पत्रे चाळत असे. आपली भीती, आपले रडू, एखाद्या मुलीविषयी मनात असलेले काही, हे त्याच्या नजरेखालून जाणार हे ठाऊक असलेल्या मुलाची लेखणी आखडली, यात नवल नाही. १९१५ मध्ये हिरव्या रंगाचे विशेष पाकीट सुरू झाले. आत फक्त खासगी व कौटुंबिक मजकूर आहे, अशी शपथेवर सही केली की ते पलटणीत उघडले जात नसे, मात्र पिछाडीच्या मुख्य तळावर ते तपासण्याचा अधिकार राखून ठेवलेला होता. अशी पाकिटे मोजकीच मिळत.

तरीही माझ्या मते खरा सेन्सॉर लिहिणाऱ्याच्या मनातच होता. एकाच सैनिकाने आईला आणि थोरल्या भावाला किंवा मित्राला लिहिलेली पत्रे शेजारी ठेवली, तर सरकारी नियम दोन्हींना सारखेच लागू असूनही मजकुरात जमीन-अस्मानाचा फरक आढळतो. भावाला तो उवा, दुर्गंधी, शेजारच्या गड्याच्या डोक्याला लागलेली गोळी हे सगळे सांगतो. आईला मात्र केकचा तुकडा सर्वांनी कसा वाटून घेतला ते सांगतो. नाताळात तर हे अधिकच होते, कारण हे पत्र घरी सर्वांसमोर मोठ्याने वाचले जाणार, धाकटी भावंडे ते ऐकणार, शेजारीपाजारी विचारायला येणार, हे त्याला माहीत असते. म्हणून आपल्याला सुचवावेसे वाटते की, लढाई कशी झाली हे शोधण्यासाठी या पत्रांकडे जाऊ नये. त्यासाठी पलटणींच्या रोजनिश्या आणि रुग्णालयांच्या नोंदी आहेत. एका माणसाने दुसऱ्याला कशापासून वाचवायचे ठरवले, हे जाणून घ्यायचे असेल तर या पत्रांइतके विश्वसनीय साधन दुसरे नाही. आपल्याला फसवणूक वाटली ती खरे म्हणजे जपणूक होती, आणि ती जाणीवपूर्वक केलेली होती. जे गाळले गेले त्याची यादी करून पाहावी. ती यादी बहुधा पत्राहून लांब होते, आणि मुलाला नेमके काय काय दिसले होते हे तीच सांगते.

प्रश्न : मी टपाल खात्यातून निवृत्त झालो आहे. लेखात म्हटले होते की खंदक आणि इंग्लंड यांच्यामध्ये पत्राला दोन-तीन दिवस लागत. गोळीबार चालू असताना, पत्त्यावर ठिकाण लिहायला बंदी असताना हे साधले कसे?

उत्तर : आपल्याला या व्यवस्थेचे मोल इतरांपेक्षा अधिक कळेल. सैनिकासाठी टपाल मोफत होते, तिकीट लागत नसे. त्याचे पत्र सेन्सॉरची सही झाली की पलटणीचा टपाल शिपाई ब्रिगेडच्या फील्ड पोस्ट ऑफिसात नेई. तिथला शिक्का पडून ते रेल्वेच्या शेवटच्या स्थानकाकडे, तिथून फ्रान्सच्या किनाऱ्यावरील तळाच्या टपाल कचेरीकडे, पुढे जहाजाने खाडी ओलांडून इंग्लंडला जाई. हे सगळे काम रॉयल इंजिनिअर्सची टपाल शाखा पाहत असे, आणि तिच्यात नागरी टपाल खात्यातून आलेल्या कर्मचाऱ्यांचा मोठा भरणा होता.

घरून आघाडीकडे जाणाऱ्या टपालाचे काम त्याहून अवघड होते. पाकिटावर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, कंपनी, बटालियन, रेजिमेंट आणि ‘ब्रिटिश एक्स्पिडिशनरी फोर्स’ एवढेच लिहिलेले असे. ती बटालियन आज कुठे आहे हे आईला ठाऊक नसे, आणि ते तिला कळता कामा नये असाच नियम होता. म्हणून लंडनमध्ये सर्व टपाल एकत्र करून ते गावांऐवजी पलटणींप्रमाणे लावले जाई आणि पलटणींच्या जागा बदलल्याची गुप्त माहिती तेथे सतत पुरवली जाई. त्यासाठी रीजंट्स पार्कमध्ये सुमारे पाच एकरांवर लाकडी इमारत उभारली होती; त्या काळातील जगातली सर्वांत मोठी लाकडी इमारत असे तिचे वर्णन केले जाते. युद्धाच्या शेवटी तिथे अडीच हजारांच्या आसपास माणसे काम करीत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. काम शिगेला पोचले तेव्हा आठवड्याला १ कोटी २० लाख पत्रे या व्यवस्थेतून जात होती, आणि संपूर्ण युद्धकाळात सुमारे २०० कोटी पत्रे व ११ कोटी ४० लाख पार्सले तिने हाताळली. शेवटचा टप्पा रात्रीच्या अंधारात पार पडे : रसदीच्या गाड्यांबरोबर टपालाच्या थैल्या पुढे येत आणि पाव व मांसाच्या डब्यांबरोबर खंदकात वाटल्या जात. टपालाला शिध्याच्या बरोबरीचे स्थान देणे हा सेनाधिकाऱ्यांनी समजून-उमजून घेतलेला निर्णय होता, आणि मला तो त्या युद्धातील मोजक्या शहाण्या निर्णयांपैकी एक वाटतो.

पत्र लिहिण्याइतकी उसंत किंवा ताकद नसलेल्यांसाठी छापील फील्ड सर्व्हिस पोस्टकार्ड होते. त्यावर ‘मी ठीक आहे’, ‘मला रुग्णालयात दाखल केले आहे’, ‘तुमचे पत्र मिळाले’, ‘पार्सल मिळाले’, ‘बरेच दिवसांत तुमचे काही आले नाही’ अशी तयार वाक्ये असत. नको ती खोडायची आणि खाली तारीख व सही करायची. याखेरीज एक शब्द जरी वाढवला तरी कार्ड नष्ट केले जाईल, अशी ताकीद वर छापलेली असे. वाचायला हे कार्ड रुक्ष आहे. पण मोठ्या लढाईनंतर घरी सर्वप्रथम पोचायचे ते हेच, आणि त्या वेळी घरच्यांना हव्या असलेल्या एकाच प्रश्नाचे उत्तर त्यावर मिळे.

प्रश्न : राजकन्येने प्रत्येक सैनिकाला नाताळची पितळी डबी पाठवली, असे वाचले. त्यात काय होते?

उत्तर : राजा पंचम जॉर्ज यांची सतरा वर्षांची कन्या राजकन्या मेरी हिच्या नावाने १९१४ च्या ऑक्टोबरात निधी उभारण्यात आला आणि लोकांनी त्यात १,६२,००० पौंडांहून अधिक रक्कम दिली. धूम्रपान करणाऱ्यांना डबीबरोबर पाईप, तंबाखू, सिगारेटी, राजकन्येचे छायाचित्र आणि शुभेच्छापत्र मिळे. न ओढणाऱ्यांच्या वाट्याला आंबट गोळ्या आणि खाकी कव्हरात घातलेले लेखनसाहित्य येई : पेन्सिल, कागद, पाकिटे. नाताळापर्यंत साडेतीन लाखांहून अधिक डब्या पोचत्या झाल्या. अनेक पत्रांची सुरुवातच या भेटीच्या उल्लेखाने होते, आणि बऱ्याच मुलांनी ती डबी स्वतः न वापरता जपून ठेवण्यासाठी आईकडे पाठवून दिली.

प्रश्न : १९१४ च्या नाताळात दोन्ही बाजूंचे सैनिक खंदकांतून बाहेर येऊन भेटले, ही हकिकत खरी की रचलेली? आणि सेन्सॉर इतका कडक होता, तर ती घरी लिहिता कशी आली?

उत्तर : हकिकत खरी आहे, आणि ती आपल्यापर्यंत पोचली ती मुख्यत्वे घरी लिहिलेल्या पत्रांमुळेच.

७ डिसेंबरला पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी निदान नाताळापुरता तरी युद्धविराम करावा असे आवाहन केले होते. सरकारांनी ते मानले नाही. त्याच्या आधीच, ५ डिसेंबरला, ब्रिटिश दुसऱ्या कोअरचे (अनेक डिव्हिजन मिळून होणाऱ्या सैन्यविभागाचे) सेनापती स्मिथ-डोरियन यांनी शत्रूशी सलगी करण्यास मनाई करणारा हुकूम काढला होता. त्यावरून वरिष्ठांना वाऱ्याची दिशा समजली होती असे दिसते. २४ तारखेला पाऊस थांबला, कडाक्याची थंडी पडून चिखल गोठला, आणि संध्याकाळी जर्मन खंदकांच्या कडेवर मेणबत्त्या व लहान नाताळवृक्ष दिसू लागले. गाणी झाली, हाका झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी बेल्जियममधील प्लूगस्टीअर्टच्या परिसरात व ब्रिटिश आघाडीच्या इतर बऱ्याच भागांत माणसे निःशस्त्र बाहेर आली. पुष्कळ ठिकाणी पहिले काम होते ते दोन खंदकांच्या मध्ये कित्येक दिवस पडून राहिलेल्या प्रेतांना मूठमाती देण्याचे. नंतर बटणे, सिगार, तंबाखू यांची देवघेव झाली. सगळीकडे असे झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. काही भागांत गोळीबार चालूच होता आणि त्या दिवशीही माणसे मारली गेली.

या भेटीचे वर्णन करणाऱ्या पत्रांपैकी एक विशेष उल्लेखनीय आहे. लंडन रायफल ब्रिगेडमधील हेन्री विल्यमसन या एकोणीस वर्षांच्या साध्या सैनिकाने, जो पुढे लेखक म्हणून नावारूपाला आला, २६ डिसेंबरला आईला पत्र लिहिले. सकाळचे अकरा वाजले आहेत, शेजारी कोक कोळशाचा विस्तव आहे, समोर ओलसर बिळात पेंढा अंथरला आहे, तोंडात राजकन्येने दिलेला पाईप आहे, अशी तो सुरुवात करतो. मग आईला थोडे खेळवतो. पाईपमध्ये तंबाखू आहे, त्यात काय विशेष, असे तू म्हणशील. पण ती जर्मन तंबाखू आहे. कैद्याकडून घेतली असेल किंवा जिंकलेल्या खंदकात सापडली असेल, असे तुला वाटेल, तसेही नाही. जिवंत जर्मन सैनिकाने त्याच्या खंदकातून येऊन ती दिली. त्यानंतर तो काल दिवसभर दोन्ही सैन्यांनी कसे हस्तांदोलन केले आणि लिहिताना अजूनही ते कसे चालूच आहे, हे सांगतो. आधीच्या प्रश्नातील विद्यार्थिनीने हे पत्र जरूर वाचावे. येथे मुलाजवळ आईला सांगण्याजोगी एक आनंदाची आणि पूर्ण खरी बातमी होती, म्हणून त्याचे शब्द मोकळे झाले आहेत. ओलसर बीळ त्याने लपवले नाही. फक्त त्यावर रेंगाळला नाही.

आता सेन्सॉरविषयी. ही पत्रे तपासणारे कनिष्ठ अधिकारी बहुतेक ठिकाणी स्वतःच त्या मैदानात जाऊन हात मिळवून आले होते, आणि त्यांनी आपल्या घरीही तेच लिहिले होते. शिवाय भेटीच्या वर्णनात स्थळ किंवा बेत उघड होत नव्हता, त्यामुळे खोडण्यासारखे नियमात बसणारे फारसे काही नव्हते. घरच्यांनी ती पत्रे स्थानिक वृत्तपत्रांकडे दिली. ३१ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात बातमी आली, पाठोपाठ ब्रिटिश वृत्तपत्रे सैनिकांची पत्रे छापू लागली, आणि ८ जानेवारी १९१५ रोजी ‘डेली मिरर’ने दोन्ही बाजूंचे सैनिक एकत्र उभे असलेले छायाचित्र पहिल्या पानावर दिले. पुढच्या नाताळात मात्र वरिष्ठांनी हे होऊ न देण्याची पक्की तजवीज केली. १९१५ मध्ये प्रेते पुरण्यासाठी थोडा वेळ विराम दिल्याबद्दल स्कॉट्स गार्ड्सच्या कॅप्टन इयन कोलकूहून यांच्यावर कोर्ट मार्शल चालले. शिक्षा ताशेऱ्यापुरतीच झाली.

प्रश्न : त्या नाताळात फ्रान्सच्या आघाडीवर हिंदी सैनिकही होते. त्यांचा तो सण नव्हता. मग त्यांच्या पत्रांत या दिवसांचे काही आढळते का? आणि लिहिता न येणाऱ्यांचे काय?

उत्तर : लाहोर आणि मेरठ या दोन हिंदी डिव्हिजन १९१४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मार्सेल्स बंदरात उतरल्या आणि महिन्याभरात त्यांना आघाडीवर उभे केले गेले. पायदळाचा मोठा भाग १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियाकडे (आजच्या इराककडे) हलवण्यात आला, घोडदळ मात्र १९१८ पर्यंत फ्रान्समध्ये राहिले. म्हणजे हिंदी पायदळाच्या दृष्टीने त्या खंदकांतला पूर्ण हिवाळा एकच, तो पहिला. नाताळाच्या आधीच्या आठवड्यात, २० डिसेंबरला, जिव्हाँशीजवळ जर्मनांनी सरहिंद ब्रिगेडच्या खंदकांखाली सुरुंग उडवले आणि तिथे भयंकर हानी झाली. त्यानंतर थकलेल्या हिंदी कोअरला टप्प्याटप्प्याने मागे घेण्यास सुरुवात झाली. तरी ३९ व्या गढवाल रायफल्सचे काही जवान नाताळच्या दिवशी पुढच्या रांगेत होते आणि तेही जर्मनांना भेटले, अशी नोंद आहे. ही गोष्ट हिंदी कोअरच्या वरिष्ठांना मुळीच रुचली नाही.

राजकन्येची भेट हिंदी सैनिकांनाही मिळाली, पण त्यांच्या चालीरीती पाहून ती वेगळी केली होती. गुरख्यांना ब्रिटिशांसारखीच, शिखांना सिगारेटींऐवजी खडीसाखर व मसाल्याची डबी, इतर हिंदी सैनिकांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाला. पाणक्ये व इतर सेवकवर्गालाही मसाल्याची डबी व शुभेच्छापत्र दिले गेले.

लिहिता येण्याबाबत आपण विचारले ते फार महत्त्वाचे आहे. ब्रिटनमध्ये १८८० पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे होते, त्यामुळे तिथला खेड्यातला मुलगाही चुकतमाकत का होईना स्वतः लिहू शकत होता. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पलटणीतल्या एखाद्या लिहित्या माणसाला मजकूर सांगायचा, आणि गावात पोचल्यावर तो दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवायचा, असा तो प्रवास होता. म्हणजे आई-मुलाच्या मध्ये किमान दोन परकी माणसे, आणि त्यांच्या जोडीला सेन्सॉर. हिंदी टपालासाठी सेन्सॉरची स्वतंत्र कचेरी होती. तिला चुकवण्याच्या युक्त्याही निघाल्या. हिंदी सैनिकांना ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांना ‘लाल मिरची’ म्हणायचे आणि कोणती किती शिल्लक राहिली ते लिहायचे, ही त्यांतली गाजलेली युक्ती. सेन्सॉरने ती ओळखली, म्हणून तर आज आपल्याला ती ठाऊक आहे. या कचेरीने पत्रांतील उतारे इंग्रजीत भाषांतरित करून अहवालांना जोडले, आणि ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित आहेत. मूळ पत्रे बहुतांश गेली. ज्या हातांनी ती पत्रे उघडली, त्याच हातांमुळे शिपायाचे शब्द उरले, तेही परक्या भाषेत. मला या सगळ्या विषयात याइतकी अस्वस्थ करणारी दुसरी गोष्ट आढळली नाही. आज कुणाकडे पणजोबांचे असे एखादे मूळ पत्र असेल, तर पाकिटासह ते जपावे. शिक्का, तारीख आणि सेन्सॉरची सही पाकिटावरच असते.

प्रश्न : पत्र बाहेर जाण्याचा मार्गच बंद झाला असेल, तर सैनिक काय करीत?

उत्तर : मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण मेसोपोटेमियातील कूतचे आहे. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी कूतला वेढा घातला आणि २४ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, तिथल्या गढीवर मोठा हल्ला चढवला. तो परतवणाऱ्यांत ऑक्सफर्डशायर अँड बकिंगहॅमशायर लाइट इन्फंट्रीच्या खांद्याला खांदा लावून १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री लढली. वेढ्यातून नदीमार्गे टपाल जाऊ शकत नव्हते. बाहेरच्या जगाशी बिनतारी यंत्राने संबंध होता, तो लष्करी संदेशांपुरता. २९ एप्रिल १९१६ ला कूत शरण गेले आणि आतले सैनिक कैदेत गेले. त्यांपैकी अनेकांच्या घरी कित्येक महिने काहीही कळले नाही.

दुसरे उदाहरण १९४२ च्या स्टालिनग्राडचे. नोव्हेंबरच्या अखेरीस वेढल्या गेलेल्या जर्मन सहाव्या सैन्याचे टपाल फक्त विमानाने येत-जात होते. धर्मोपदेशक आणि डॉक्टर असलेले कुर्ट रॉयबर यांनी त्या नाताळात आपल्या भुयारी निवाऱ्यात एका रशियन नकाशाच्या पाठीवर कोळशाने चित्र काढले : मोठ्या वस्त्रात बाळाला लपेटून बसलेली माता, आणि कडेने ‘प्रकाश, जीवन, प्रेम’ अशा अर्थाचे जर्मन शब्द. चित्र आणि पत्नीला लिहिलेले पत्र जखमींबरोबर विमानाने बाहेर पडले. रॉयबर कैद झाले आणि १९४४ च्या जानेवारीत रशियातील छावणीत वारले. चित्र आज बर्लिनच्या कैसर विल्हेल्म स्मारक चर्चमध्ये आहे. आक्रमक सैन्यातला हा माणूस होता, हे विसरता येत नाही, आणि तरीही बायका-मुलांना काय पाठवावे या विचाराने तो त्या रात्री बसला होता, हेही.

प्रश्न : सैनिक मारला गेल्याची बातमी आधी येई की त्याचे पत्र?

उत्तर : कोणताही क्रम शक्य होता. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घरी तार जाई. साध्या सैनिकाच्या घरी बी. १०४-८२ क्रमांकाचा छापील फॉर्म टपालाने येई आणि त्याला वेळ लागे. पत्र दोन-तीन दिवसांत पोचत असल्यामुळे, नाताळच्या सुमारास मुलाचे हसरे पत्र मिळाले तेव्हा मुलगा जिवंत नव्हता, असे असंख्य घरांत घडले. उलट बाजूने, घरून पाठवलेली पत्रे ‘युद्धात ठार’ असा शेरा पडून परत येत, आणि क्वचित तो शेरा सरकारी फॉर्मच्या आधी दारात पोचे. पार्सल मात्र बहुधा परत येत नसे. त्यातला खाऊ त्याच्या तुकडीतले सोबती वाटून घेत आणि त्यांच्यापैकी कुणीतरी आईला आभाराचे पत्र लिही.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात पत्राचे छायाचित्र घरी जात असे, हे खरे का?

उत्तर : खरे आहे. ब्रिटिशांनी १९४१ मध्ये मध्यपूर्वेतून ‘एअरग्राफ’ सुरू केले आणि अमेरिकनांनी जून १९४२ मध्ये ‘व्ही-मेल’. ठरावीक आकाराच्या छापील कागदावर पत्र लिहायचे, सेन्सॉर झाल्यावर त्याचे सूक्ष्म फिल्मवर छायाचित्र घ्यायचे, फिल्म विमानाने पाठवायची आणि पलीकडे तिच्यावरून लहान प्रत छापून घरी पोचवायची, अशी ती पद्धत होती. दीड लाख साध्या पत्रांसाठी ३७ थैल्या लागत आणि वजन २,५७५ पौंड भरे. तीच पत्रे व्ही-मेलने एका थैलीत, ४५ पौंडांत बसत. वाचलेली जागा दारूगोळा आणि औषधांच्या कामी येई. त्या बदल्यात पत्रातून दुसरे काही पाठवणे बंद झाले. वाळवलेले फूल नाही, केसांची बट नाही. बायकांनी कागदावर ओठांचा ठसा उमटवला तर लिपस्टिकचा रंग यंत्राला चिकटून पुढची पत्रे खराब होत, म्हणून तसे न करण्याची विनंती करावी लागली. नाताळासाठी मात्र चित्रे असलेले खास कागद निघाले, आणि ज्याला थोडीफार चित्रकला येई असा सैनिक स्वतःच भेटकार्ड रेखाटून त्याचेच छायाचित्र घरी पाठवी.